कैरीवाले, जांभूळवाले आणि काका

पुण्यात खोली भाड्याने घ्यायला गेलं की घरमालक काय काय विचारतात, त्याची उत्तरं मी वर्ध्याहून पाठ करून आले होते. जेवण शाकाहारी. पाहुणे येणार नाहीत. यायला उशीर झाला तर तो हिंजवडीच्या कंपनीमुळे, आणि बसही कंपनीचीच. कसबा पेठेतल्या एका चार मजली इमारतीत तिसऱ्या मजल्यावर काकांनी दार उघडलं, मला खुर्चीत बसवलं, चष्मा कपाळावर सरकवला आणि विचारलं,

"पेरू कसा खातेस?"

मी म्हटलं, "धुऊन."

"ते झालंच. कडक खातेस की मऊ? मीठ लावून की तसाच? बिया चावतेस की गिळतेस?"

हे पाठ केलेलं नव्हतं. मी खरं तेच सांगितलं. मग चिंच झाली, जांभूळ झालं, बोरं झाली. माझ्या घरात कोण कोण असतं हे त्यांनी विचारलं नाही, आमच्या घरात वरणाला फोडणी कशाची असते हे विचारलं. शेवटी पुढे वाकून, अगदी हळू आवाजात म्हणाले, "आवळा खाल्ल्यावर वर पाणी पितेस का?"

"हो जी. त्याच्यासाठीच तर आवळा खाते."

काका ताडकन उठले. स्वयंपाकघराकडे तोंड करून ओरडले, "अगं, ऐकलंस का? आवळेवाली आहे!"

आतून शांत आवाज आला, "खोली दाखवलीत का?"

खोली मला मिळाली. आवळ्यामुळे मिळाली हे घरी फोनवर सांगितलं, तेव्हा बाबा म्हणाले, दुसरं घर बघ.

काका एका औषधांच्या कारखान्यात चवीच्या खात्यात होते. असं खातं असतं हेच मला माहीत नव्हतं. लहान मुलांचं खोकल्याचं औषध, तापाचं औषध, जंतांचं औषध, या सगळ्याला संत्र्याची, स्ट्रॉबेरीची, अननसाची चव द्यायची आणि ती बरोबर जमली का हे चाखून सांगायचं, हे त्यांचं काम. "लहानपणी तुला कधी खोकला झाला होता का?" त्यांनी मला पहिल्याच आठवड्यात विचारलं. मी हो म्हटल्यावर म्हणाले, "मग आपली ओळख जुनी आहे."

पुढे एका परदेशी कंपनीने तो कारखाना घेतला. चवी तयार होऊन विमानाने यायला लागल्या. काकांना स्वेच्छानिवृत्ती मिळाली. "त्यातली स्वेच्छा त्यांची, निवृत्ती माझी," असं ते म्हणत. म्हणताना हसत, पण ते वर्ष त्यांनी कसं काढलं हे काकूंनी एकदा मला सांगितलं होतं. सकाळी उठून दंतमंजन चाखायचे आणि काय कमी आहे ते सांगायचे. आमटी, साबण, डाकेच्या तिकिटाचा डिंक, काही सुटलं नाही. जीभ रिकामी बसली होती.

मग त्यांचा एक भाचा नव्याने उघडलेल्या मॉलमधून नाशिककडच्या वाईनची बाटली घेऊन आला. काकांनी तोवर दारूला हात लावलेला नव्हता. त्यांनी नुसता वास घेतला आणि विचारलं, "यात पेरू कोणी घातला?"

भाचा म्हणाला, "पेरू नाही, मामा. नुसती द्राक्षं आहेत."

"मग पेरू कुठून आला?"

भाच्याला सांगता येईना. काकांनी बाटलीवरचा कागद दोन्ही बाजूंनी वाचला. आयुष्यभर त्यांनी स्ट्रॉबेरी न घालता स्ट्रॉबेरी केली होती, आणि इथे कोणी काही न घालता द्राक्षातून पेरू निघत होता, दुसऱ्या बाटलीतून मिरी निघत होती, तिसरीतून जांभूळ! हे सांगताना त्यांचा आवाज चढत जाई, हात वर जात आणि धोतर असतं तर सुटलं असतं. सुदैवाने ते लेंगा घालत.

तिथून त्यांचा सिद्धान्त निघाला. माणसाला नवीन वाईन शिकवायची नसते, त्याला काय आवडतं ते आधीच त्याच्या जिभेवर लिहिलेलं असतं, आपण फक्त वाचायचं. जगात कैरीवाले असतात, त्यांना सोव्हिन्याँ ब्लाँ द्यावी. चिंचवाल्यांना आंबटाबरोबर थोडा गूळ लागतो, त्यांना गुलाबी रोझे. जांभूळवाल्यांना जीभ जड झालेली आवडते, त्यांची शिराझ. सुपारीवाल्यांना कॅबर्ने. आणि आम्ही आवळेवाले, ज्यांना आंबट सोसून नंतरची गोडी हवी असते, आमची शेनिन ब्लाँ.

माझी शेनिन त्यांनी एका रविवारी दुपारी, जेवायच्या आधी मला दिली. घरात वाईनचे पेले नव्हते. कारखान्यातून निघताना त्यांनी मापाचे काचेचे पेले आणले होते, आकडे छापलेले. त्यात ती फिकट पिवळी वाईन बघून मला पॅथॉलॉजीची आठवण झाली.

"नाही जी काका," मी म्हटलं. "आमच्या जिल्ह्यात दारूबंदी आहे."

"जिल्हा तिकडे राहिला. तू इथे आहेस."

"बाबा मारतील."

"बाबांना बोर आवडतं की करवंद?"

मी एक घोट घेतला. आधी कसंसंच झालं, मग तोंडात आणखी काहीतरी व्हायला लागलं. काका माझ्या तोंडाकडे बघत होते, जसं कोणी दूध उतू जाण्याची वाट बघतं. आणि ते झालं. आवळ्यानंतरचं पाणी! मी न सांगताच त्यांना कळलं. त्यांनी टाळी वाजवली, घरभर एक फेरी मारली आणि गॅलरीतून खालच्या मजल्यावरच्या मास्तरांना हाक मारून सांगितलं, "मास्तर, लागली! शेनिन लागली!"

मास्तर शाळेतून निवृत्त झाले होते, पण चुका काढण्यातून झाले नव्हते. खालून आवाज आला, "नावातच शेण आहे. सांभाळून."

काका स्वतः मात्र पीत नसत. घोट तोंडात घोळवायचे, गालातून गालात फिरवायचे, डोळे मिटायचे आणि मोरीत जाऊन चूळ टाकायचे. कारखान्याची सवय. काकूंचं म्हणणं, "लोकांचे नवरे पितात, ते निदान कळतं तरी. आमचे थुंकतात." काकू बोलायच्या ते एवढंच, आणि तेही पाठमोऱ्या. त्या टेलिफोन खात्यात ऑपरेटर होत्या. दिवसभर इतरांची बोलणी जोडून देऊन त्यांना घरी बोलायचा कंटाळा येतो, असं काकांचं निदान होतं. नोकरी संपून बरीच वर्षं झाली होती, निदान तेच राहिलं होतं.

काकांना माणूस दिसला की ते विचारायचेच. बसमध्ये, बँकेत, दातांच्या दवाखान्यात तोंड उघडं असताना. मंडईत भाजी घेण्यापेक्षा भाजी घेणाऱ्यांकडे बघण्यात त्यांचा वेळ जाई. चुकायचेही. बँकेच्या मॅनेजरांना जांभूळवाले ठरवून त्यांनी शिराझ पाजली, तर ते तोंड वाकडं करून म्हणाले, ही खोकल्याच्या औषधासारखी लागते. दुसरा कोणी खट्टू झाला असता. काकांनी विचारलं, "कुठल्या? लाल की काळ्या?"

आमच्या कंपनीत माझा टीम लीड होता. अमेरिकेत क्लायंटकडे राहून आलेला, आणि तिकडून वाईनबद्दलची मतं घेऊन आलेला. कॅन्टीनमध्ये सांगायचा, "मी फक्त ड्राय रेड घेतो. स्वीट इज फॉर किड्स." मी त्याला मुद्दाम काकांकडे नेलं. काकांनी त्याला खुर्चीत बसवलं. तो ओकच्या पिंपांबद्दल, टॅनिनच्या तुरटपणाबद्दल बोलत राहिला. काका ऐकत राहिले. मग म्हणाले, "गुलाबजाम संपल्यावर पाकाचं काय करता?"

तो थांबला. इकडे तिकडे बघितलं. "म्हणजे?"

"पाक. वाटीतला. टाकता?"

"टाकत नाही," तो हळूच म्हणाला.

"मग?"

"पितो."

"कुणी बघत नसताना?"

त्याने मान डोलावली. काकांनी फ्रिजमधून, काकूंच्या दह्याच्या शेजारून, एक बारकी बाटली काढली. उशिरा तोडलेल्या द्राक्षांची, मधासारखी दाट. पहिल्या घोटानंतर आमच्या टीम लीडने पेला पुन्हा पुढे केला. दुसऱ्यानंतर त्याने बूट काढले आणि सोफ्यावर मांडी घालून बसला. मग आपली आजी पाकात भिजवलेली पोळी कशी भरवायची ते सांगायला लागला, इंग्रजीचा एक शब्द न वापरता. पुढे मी त्याच्याशी लग्न केलं. त्या मांडीमुळेच बहुतेक.

तर अशा सगळ्या लोकांना एकत्र बोलवायचं काकांच्या मनात आलं. एका रविवारी संध्याकाळी, उजेड असताना, इमारतीच्या गच्चीवर. सतरंज्या घातल्या. आमच्या ऑफिसची मुलं आली, बँकेचे मॅनेजर राग विसरून आले. मास्तर आले, ते, त्यांच्याच शब्दांत, अधःपतन प्रत्यक्ष बघायला. काकूंनी भाजलेले दाणे, चीजचे तुकडे आणि सुरळीच्या वड्या केल्या होत्या. काका मध्ये उभे. नव्या माणसाला प्रश्न विचारायचे, सगळे अंदाज ओरडायचे, "चिंच! चिंच!" आणि काका हात वर करून गप्प करायचे आणि निकाल द्यायचे. नुसता गोंधळ. शेजारच्या गच्चीवर पापड गोळा करणाऱ्या बाई कठड्याशी येऊन म्हणाल्या, "मला करवंद आवडतं, मी कोण?" त्यांचा पेला कठड्यावरून पलीकडे गेला.

मास्तरांनी आधी काही सांगायचं नाकारलं. मग त्यांचा अडकित्ता खिशातून डोकावला आणि काकांनी तो पाहिला. कॅबर्ने दिली. मास्तरांनी घोट घेतला, बराच वेळ समोरच्या देवळाच्या कळसाकडे बघितलं आणि म्हणाले, "वाईट नाही." कसब्यात याला उठून टाळ्या वाजवणं म्हणतात. काका इतके खूश झाले की त्यांनी मास्तरांना मिठी मारली. मास्तरांना यापूर्वी कुणी मिठी मारलेली नसावी. ते हात सरळ खाली ठेवून उभे राहिले.

तेवढ्यात आमच्या ऑफिसमधल्या एका मुलीने सहज विचारलं, "आणि काकू कोण?"

"ही?" काका हसले. "हे काय विचारणं झालं? रत्नागिरीची मुलगी. कैरी! लग्न झाल्यापासून मंडईत पहिली कैरी आली की मी हिच्यासाठी आणतो. हिच्या हातात देतो. पण वाईन म्हटलं की नको म्हणते. कैरीवाल्यांत एवढा हट्टी नमुना दुसरा नाही."

काकू वड्यांची ताटली घेऊन उभ्या होत्या. त्या म्हणाल्या, "मला कैरी आवडत नाही."

"कधीपासून?" काकांनी विचारलं.

"जन्मापासून."

"मग इतकी वर्षं?"

"तुम्ही इतक्या हौसेने आणायचात. आणि विचारलं कुठे होतंत? तुम्ही सांगितलंत."

कोणीतरी हसलं आणि थांबलं. मास्तरांनी तोंड उघडलं. काहीतरी धारदार येणार असं वाटलं, पण त्यांनी सुरळीची वडी तोंडात टाकली आणि तोंड मिटलं. मला ते फार आवडलं.

त्यानंतरचे दिवस विचित्र गेले. काकांनी पेले धुऊन माळ्यावर टाकले. बसमध्ये कोणाशी बोलेनात. एकदा मला जिन्यात अडवून म्हणाले, "तुला माहीत होतं?"

"नाही जी."

"मी आख्ख्या पुण्याच्या जिभा वाचत फिरतो. आणि घरातली..." एवढं म्हणून ते कठडा धरत खाली उतरले. हा माणूस गप्प असला की घर ओळखू येत नसे.

काकूंचं उलटंच झालं. एकदा तोंड उघडल्यावर त्यांना ते मिटावंसं वाटेना. जेवताना म्हणाल्या, "पडवळ मला आवडत नाही." दुसऱ्या दिवशी साबुदाण्याची खिचडी गेली. मग दिवाणखान्याचा हिरवा पडदा, मग त्यांच्या नणंदेचा आवाज. प्रत्येक गोष्ट सांगून झाली की गालातल्या गालात हसायच्या. भाजी चिरताना गुणगुणायच्या. काका दिवसेंदिवस खुर्चीत लहान होत चालले होते. एकदा ताटावरून मान वर करून घाबरत म्हणाले, "मी तरी आवडतो का?"

काकू म्हणाल्या, "विचार करून सांगते."

आणि मग एका सकाळी मी चहा प्यायला गेले, तर काका दाढी करून, इस्त्रीचा सदरा घालून जेवणाच्या टेबलापाशी उभे. त्यांनी समोरची खुर्ची ओढली. "बसा," काकूंना म्हणाले.

"अहो, कुकर लावायचाय."

"कुकर राहू दे. बसा. आपल्याला पेरू कसा आवडतो?"

"आपल्याला काय? मी बायको आहे तुमची."

"मध्ये बोलू नका. पेरू."

काकू बसल्या. पदर नीट केला. त्यांचे कान लाल झाले होते. पेरू ठीक, म्हणाल्या, पण मुद्दाम खावा असं नाही. जांभूळ नाही. चिंच नाही. करवंद नाही. आवळा औषध म्हणून. काका विचारत गेले, पण या वेळी घाई नव्हती, प्रत्येक उत्तरावर थांबत होते. फळं संपली. काकांनी हात टेकले. "मग मला काही येत नाही," म्हणाले. आणि खरोखर त्यांच्या चेहऱ्यावर ते दिसत होतं.

"तुम्ही फळंच विचारताय," काकू म्हणाल्या. "मला करपलेलं आवडतं."

"काय?"

"करपलेलं. दुधाच्या पातेल्याची खरवड. भाकरीला काळा डाग पडतो तो. वांगं भाजताना सालीचा वास येतो, तो. भात लागला की तुम्ही सगळे ओरडता, लागला, लागला. मला वाटतं, चला, आज आपलं जेवण."

काका दुसऱ्या खुर्चीत टेकले. "कारखान्यात असा वास आला की आम्ही आख्खी टाकी ओतून द्यायचो," पुटपुटले. "करपट म्हणजे नापास. मी आयुष्यभर..." आणि मग मी त्यांचा चेहरा बदलताना पाहिला. आधी भुवया, मग डोळे, मग सगळाच. "पिंप!" ते ओरडले. "अगं, पिंप! लाकडी पिंप! आतून जाळतात ते! मुद्दाम करपवतात आणि त्यात वाईन ठेवतात, वर्ष वर्ष! मी ती घेतच नव्हतो. मला वाटायचं, बिघडवलीय!" त्यांनी काकूंचे दोन्ही हात धरले आणि टेबलाभोवती एक गिरकी घेतली. काकू "अहो, अहो, पोरगी बघत्येय" म्हणत होत्या, पण हात सोडवत नव्हत्या. मी बघतच होते. चहा उतू गेला, गॅसवर करपला, आणि तिकडे कोणी गेलं नाही.

बाटली आणून भागणार नव्हतं. काकांच्या मते पिंपापाशीच जायला हवं होतं. आमच्या टीम लीडने नवी कोरी गाडी घेतली होती, तिला अजून सीटवरचं प्लास्टिक होतं. तिच्यातून आम्ही चौघं नाशिकला निघालो. काकू पुढे बसल्या. खिडकी उघडी, केस उडतायत. नारायणगावला त्यांनी उसाचा रस प्यायला गाडी थांबवायला लावली, संगमनेरच्या पुढे फोटो काढायला. घरच्या लग्नामुंजीखेरीज त्या कधी गावाबाहेर पडल्या नव्हत्या, हे तेव्हा कळलं. मागच्या सीटवर काका गुडघे जवळ घेऊन बसले होते आणि दर थोड्या वेळाने पुढे वाकून विचारत होते, "वारा लागतोय का? आवडतोय का?"

"आवडतोय हो," काकू म्हणत. "सारखं विचारू नका."

वाईनरीचं तळघर गार होतं. दोन्ही बाजूंना पिंपांच्या रांगा. माहिती सांगणारा तरुण नीटनेटका होता, पाठ केलेलं भरभर सांगत होता, हे लाकूड कुठलं, ही मोठी टाकी केवढी. मग त्याने एका पिंपातून काचेच्या नळीने गडद लाल वाईन काढली आणि सवयीने काकांपुढे पेला धरला. काकांनी तो घेतला नाही. काकूंकडे बोट दाखवलं.

काकूंनी पेला नाकाशी नेला. मग एक घोट घेतला. मला वाटलं, तोंड वाकडं करतील. त्यांचे डोळे भरून आले.

"काजू," त्या म्हणाल्या.

"काजू?" काकांनी अगदी हळू विचारलं. "काजूचा वास मला येत नाही."

"काजू नाही हो. काजू भाजतानाचा. आमच्याकडे परसात पत्र्याच्या डब्याला भोकं पाडून अण्णा बिया भाजायचे. सालीतलं तेल पेटायचं, धूर व्हायचा. आम्हाला जवळ येऊ द्यायचे नाहीत, पण मी जायचे. मग वरून माती टाकून विझवायचे, तेव्हा जो वास यायचा ना... हाताला काळं लागायचं, ते चार दिवस जात नसे. शाळेत बाई ओरडायच्या. मी हात धुवायचेच नाही..."

त्या बोलत राहिल्या. अण्णांबद्दल, म्हणजे त्यांच्या वडिलांबद्दल, परसातल्या विहिरीबद्दल, पुण्याला लग्न करून येताना बांधून घेतलेल्या आणि गाडीत विसरलेल्या काजूच्या पुरचुंडीबद्दल. इतकं बोलताना मी त्यांना कधी ऐकलं नव्हतं. काकांनीही नसावं. ते पिंपाला टेकून, चष्मा कपाळावर सरकवून, तोंड किंचित उघडं ठेवून ऐकत होते.

तरुणाने घड्याळ बघितलं. बाहेर दुसरा गट थांबला होता. "सर," तो अदबीने म्हणाला, "पुढच्या दालनात जाऊ या का?"

"थांबा हो," काका म्हणाले. "ही बोलत्येय."